बांधीतलं घरटं: सारस प्रकल्पाच्या नोंदी, मे २०२५ ते जानेवारी २०२६

आमच्या पक्षिमित्र मंडळाच्या वहीतून. गावाचं, तलावाचं, शेतकऱ्याचं नाव जाणूनबुजून गाळलंय. सारसाच्या घरट्याचा पत्ता फुटला की अंडी राहत नाहीत, हे गोंदिया जिल्ह्यात कुणालाही विचारा.

४ मे, रविवार

तलावाच्या दक्षिण काठची बेशरम, म्हणजे काठ भरून टाकणारी रानटी झुडपं, उपटायला घेतली. पाणी मागे सरलंय, पण चिखल अजून ओला आहे, त्यामुळे मूळ सगळं ओढून येतं. आणखी पंधरा दिवसांनी जमीन दगडासारखी होईल आणि हातात नुसती खोडं येतील. खोड तोडून उपयोग नाही. बोटभर कांडं ओल्यात राहिलं तरी पावसाळ्यात तिथे नवं झुडूप उभं. म्हणून उपटलेलं सगळं पाळीवर (तलावाच्या बांधावर) नेऊन, मुळं वर करून, उन्हात वाळवायचं आणि मग जाळायचं. शेळ्यांना जवळ येऊ द्यायचं नाही, पाला विषारी आहे.

काम खरं ढीवर (मासेमार) सोसायटीच्या बायकांचं. आम्ही त्यांच्या हाताखाली. दुर्बीण गळ्यात असलेल्या माणसाला चिखलात वाकता येत नाही, हे पहिल्या तासातच कळलं आणि सगळ्या दुर्बिणी एका पिशवीत गेल्या. मावश्यांना सारसाचं फार कौतुक आहे असं नाही. त्यांना मासोळी पाहिजे. बेशरमीनं काठ भरला की मरळीला अंडी घालायला उथळ, गवताळ जागा उरत नाही. सारसालाही तोच काठ लागतो: गुडघाभर पाणी, लव्हाळ्याचे कंद, देवधान (रानटी भात). दोघांची गरज एकच आहे, म्हणून हे काम चालतं. नुसत्या पक्ष्यासाठी एवढी माणसं उन्हात आली नसती आणि त्यांनी यावं असं म्हणायचा आम्हाला अधिकारही नाही.

हा तलाव मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला. कोहळी समाजाने बांधलेला. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढणं, पाळ बांधणं हे गावाचं काम राहिलं नाही. पाळीवरची मोठी झाडं तेवढी जुन्या काळची.

२५ मे, रविवार

काठाचा साधारण अर्धा भाग मोकळा झाला. उरलेला आता पुढच्या उन्हाळ्यात. मोकळ्या पट्ट्यात दुसऱ्या तलावातून आणलेले लव्हाळ्याचे गड्डे आणि देवधानाची रोपं लावणार, पण पहिल्या पावसानंतर.

संध्याकाळी बैठक. विषय एकच: फोटो. ठरलं ते असं. घरटं सापडलं तर फोटो फक्त नोंदीसाठी, लांबून, तोही एकानेच काढायचा. पिल्लू उडेपर्यंत कुठेही टाकायचा नाही. फोनमधलं ठिकाण बंद. दोघांना हे पटलं नाही, लोकांना दाखवलं नाही तर लोक वाचवतील कसे, असं त्यांचं म्हणणं. दाखवायला जिल्ह्यातले तलाव आहेत, जूनमध्ये उघड्या माळावर उभे असलेले सारस आहेत. घरटं दाखवायची वस्तू नाही.

१५ जून, रविवार

जिल्ह्याच्या गणनेआधीची आमची पाहणी. साडेचारला पाळीवर. अंधारात काही दिसत नाही, पण सारस आधी ऐकू येतो. नर एक लांब हाक देतो, मादी त्याच दमात दोन तोकड्या, आणि दोन्ही मिळून एकच पक्षी ओरडतोय असं वाटतं. पाचनंतर उथळ पाण्यात उभ्या आकृत्या दिसू लागल्या. आमच्या वाट्याला सहा: दोन जोड्या आणि दोन सुटे. सुट्यांपैकी एकाचं डोकं अजून तांबूस-तपकिरी, म्हणजे गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू. मोठ्याचं डोकं आणि मानेचा वरचा भाग उघडा, लालभडक असतो.

नव्या मुलांनी विचारलं, जूनच का? पाऊस येण्याआधी पाणी मोजक्याच तलावांत उरतं आणि रात्री सारस तिथेच गोळा होतात. पाऊस लागला की जोड्या बांध्यांमध्ये (धानाच्या शेतांत) पांगतात, मग शोधत बसा. आणि पहाटेच का, तर उजाडल्यावर ते उडून जातात आणि तोच पक्षी दुसऱ्या तलावावर पुन्हा मोजला जातो. म्हणून सगळीकडे एकाच वेळी बसायचं आणि उडाल्याची वेळ आणि दिशा लिहायची. नदीपलीकडे बालाघाटलाही तेच पक्षी जातात-येतात. वैनगंगा आणि बाघ या आपल्यासाठी राज्याच्या सीमा आहेत, सारसासाठी चरायची जागा.

महाराष्ट्रात सारस उरलाय तो गोंदिया, भंडारा, चंद्रपूर एवढ्यात, आणि त्यातलाही बहुतेक गोंदियात. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात चाळिशीच्या आसपास मोजले जायचे, आता आकडा तिशीकडे घसरलाय. एवढ्या थोड्या पक्ष्यांत एक जोडी मेली तर ती टक्केवारीत मोजायची गरज पडत नाही.

१९ जून

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली काल सोलापुरात गेले. ९२ वर्षांचे होते. पद्मश्री याच वर्षी मिळाली. वनखात्याच्या नोकरीत बराच काळ नवेगावबांधला काढलेला माणूस, त्यामुळे इकडच्या तलावांवर फिरणाऱ्या प्रत्येकाला ते आपल्याच घरचे वाटायचे. मंडळातल्या जुन्या सदस्यांनी आज दुसरं काही काम केलं नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

देवधान लावून झालं. पऱ्हे (धानाची रोपं) हातभर झालेत, कुठे कुठे चिखलणी सुरू.

मागच्या वर्षी ज्या बांध्यांत एक जोडी फिरत होती तिथे चक्कर मारली. शेतकरी काका धुऱ्यावरच (शेताच्या बांधावरच) भेटले. म्हणाले, "जोडी रोज येते. पण तुम्ही वर पहा." वर ११ केव्हीची लाइन. दोन खांबांच्या मधे तार इतकी झुकली आहे की बैलगाडीवर तणीस (धानाचा पेंढा) उंच रचली तर अडकेल. सारसाचा पंखविस्तार आठ फुटांच्या आसपास. बांधीतून उठताना तो काही अंतर पळतो आणि हळूहळू उंची घेतो, थेट वर जात नाही. पहाटेच्या धुक्यात तार दिसत नाही. एक पंख एका तारेला आणि दुसरा दुसरीला लागला की खेळ खलास.

आम्ही घरटं झाल्यास मंडळातर्फे मोबदला देण्याबद्दल बोललो. काका म्हणाले, "पैशाचं रायू द्या भाऊ. तो तार वर घेऊन देता का, ते सांगा. उद्या माझा नातू जाईल त्याच्याखालून."

वीज कार्यालयाला अर्ज लिहिला. खांब क्रमांक, जवळची खूण, झुकलेल्या तारेचा फोटो.

२९ जुलै

अर्जाची पोच मिळाली. तार तशीच. वनरक्षकांना सोबत घेऊन दुसरा अर्ज. या वेळी एक वाक्य जास्त लिहिलं: सारसांच्या घटत्या संख्येची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली आहे. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज पहिल्यांदा पूर्ण वाचला. एका वाक्याने खुर्ची पुढे सरकते, हे लक्षात ठेवण्यासारखं.

१० ऑगस्ट, रविवार

काकांचा सकाळी फोन. "बसली."

रोवणी (लावणी) होऊन तीन आठवडे झालेल्या बांधीत, मधोमध. धानाची चुडं (रोपांचे झुबके), लव्हाळं, गवत ओढून केलेला ढीग, वरून अंदाजे दीड-दोन मीटर रुंद. आम्ही आंब्याखालून टेलिस्कोपने पाहिलं. दुपारी जोडीदार बदलताना अंडं दिसलं, एकच. दोन दिवसांनी दुसरं येईल बहुतेक.

काकांचं किती धान गेलं? घरट्याची जागा आणि भोवती उपटलेला पट्टा धरून एका खाटेला लागते त्याहून थोडी जास्त जागा. तरी काकू नाराज आहेत आणि ते बरोबरच आहे. गाडलेलं धान त्यांनी स्वतः वाकून लावलं होतं. मोबदल्यावर मंडळात वाद झाला: पैसे दिले तर उद्या प्रत्येक जण "माझ्याकडे घरटं" म्हणेल. म्हणू देत की. प्रत्येक जण आपल्या बांधीत सारस शोधायला लागला तर त्याहून चांगलं काय होणार? घरट्यापुरत्या धानाचे पैसे आजच दिले, काकूंच्या हातात. शाल-श्रीफळ देऊन फोटो काढण्याची पद्धत आम्ही या वर्षीपासून बंद केली.

राखण: काकांचा मुलगा आणि आमचे दोघे, पाळीपाळीने. काम फक्त कुत्री आणि माणसं लांब ठेवण्याचं.

२० ऑगस्ट

रात्रभर पाऊस. पहाटे फोन आला तेव्हाच सगळे निघालो. वरच्या बांधीचं पाणी फुटून खाली आलेलं, धानाचे शेंडेच दिसत होते. घरटं पाण्याच्या वर चार बोटं.

आणि दोन्ही पक्षी कामाला लागलेले. बसलेली मादी मान लांब करून भोवतालची चुडं चोचीत धरायची, उपटायची आणि अंगाच्या कडेने आत सारायची. नर पाण्यात उभा. तो गवत उपटून मागे न बघता खांद्यावरून घरट्याकडे फेकायचा, दोन पावलं पुढे सरकायचा, पुन्हा फेकायचा. अर्धं बाहेर पडायचं. जे काठाला लागायचं ते ती ओढून घ्यायची. मधेच ती उठली, अंडी चोचीने हलवून मधल्या उंच भागावर आणली, पुन्हा बसली. हे दोन तास चाललं. घरटं वर येत होतं आणि पाणीही वर येत होतं.

आम्हाला वाटलं धुरा फोडून पाणी सोडावं. काका म्हणाले थांबा. पूर्ण पाणी काढलं तर घरट्यापर्यंत कोरडी वाट होईल आणि रात्री कुत्री येतील. घरट्याची खरी राखण पाणीच करतं. शेवटी काकांनी खालच्या कोपऱ्यात धुरा फक्त वीतभर कापला आणि कापलेल्या जागी दगड लावला, म्हणजे त्या पातळीखाली पाणी जाणार नाही. दहाच्या सुमारास पाणी थांबलं. दुपारी एक वाजता नर मोठ्याने ओरडला आणि चरायला निघून गेला, तेव्हा आम्हीही जेवायला गेलो.

२३ ऑगस्ट

काल पोळा. गावात डीजे. घरट्यावर परिणाम नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

दोन गाड्या, चार मोठे कॅमेरे, बाहेरगावचे लोक. पत्ता कुठून मिळाला ते सांगायला तयार नाहीत. एक जण चप्पल काढून बांधीत उतरायच्या बेतात होता. राखणीवरच्या पोराने, वय सतरा, त्याला शांतपणे सांगितलं की हे आमचं शेत आहे, आणि साप खूप आहेत. दुसरी गोष्ट जास्त लागू पडली. वनरक्षकांना कळवलं, सारस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला पक्षी आहे, घरट्याशी छेडछाड हा गुन्हा आहे, हे त्यांनी गाडीचे नंबर लिहून घेत समजावलं.

पक्षिनिरीक्षक हाच पक्ष्याचा त्रास होतो तेव्हा सर्वांत जास्त राग येतो. हे लोक चोर नव्हते. त्यांच्याकडे आमच्याच घरी असलेली पक्ष्यांची पुस्तकं असणार.

१२ सप्टेंबर

दोन्ही फुटली. पहिलं काल, दुसरं आज सकाळी. साधारण महिना आणि वर दोन-तीन दिवस, म्हणजे हिशेबाप्रमाणे. पिल्लू तांबूस, ओलं, पाय अंगापेक्षा मोठे. पहिलं पिल्लू दुपारीच घरट्यावरून घसरून धानात शिरलं आणि नर त्याच्या मागे. आता घरट्याला अर्थ नाही, राखण हलती करावी लागणार.

२१ सप्टेंबर, रविवार

तुडतुडा पडलाय. आजूबाजूचे सगळे फवारणी करतायत. काकांनीही करायलाच पाहिजे, नाहीतर पीक करपून जाईल. पक्ष्यासाठी पीक सोडा असं सांगायला आमची जीभ रेटली नाही. पण पिल्लं या दिवसांत किडे, गोगलगायी, बेडकं यांवरच वाढतात. कृषी सहायकांना शेतावर बोलावलं. त्यांनी बांधीतलं पाणी आलटून पालटून काढायला आणि प्रादुर्भाव आहे तेवढ्याच भागात, चुडाच्या बुंध्याशी फवारायला सांगितलं. ज्या बांध्यांत पिल्लं फिरतात त्या दोन बांध्या शेवटी, तेही जोडी पलीकडे गेल्याचं पाहून. शेजारचे दोन शेतकरी ऐकले. तिसरे म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही. खरं आहे, त्यांच्या घरी उद्या जायचं.

५ ऑक्टोबर, रविवार

एकच पिल्लू. धाकटं तीन दिवसांपासून दिसलं नाही. पिसं नाहीत, काही नाही. कुत्रं, मुंगूस, फवारा, काहीही असू शकेल. दोनांतलं एक वाढणं हे सारसाचं नेहमीचंच, तरी काकूंनी दोनदा विचारलं.

८ नोव्हेंबर

पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. २०२० पासून राज्यात हा आठवडा साजरा होतो. दोन शाळा, एक आश्रमशाळा. मुलांना तलावावर नेलं: तलवार बदक, मोठी लालसरी, वारकरी, जांभळी पाणकोंबडी. भाषणं टाळली. आश्रमशाळेतल्या एका मुलीला आमच्यापेक्षा जास्त पक्षी आवाजावरून ओळखता येतात, फक्त नावं तिच्या घरची आहेत. ती वेगळ्या वहीत लिहून घेतली.

२३ नोव्हेंबर, रविवार

भारी (उशिरा पिकणारं) धान कापायला आलं आणि पिल्लू अडीच महिन्यांचं. उंची आईच्या छातीपर्यंत, पंख मोठे, पण उडता येत नाही. उडायला साधारण तीन महिने लागतात. मजूर मिळत नाहीत म्हणून गावात हार्वेस्टर आलाय आणि काकांचा नंबर आज होता.

हार्वेस्टर बांधीच्या कडेने सुरू होतो आणि गोल गोल आत येतो. त्यामुळे जे काही उभ्या धानात लपलंय ते मधे कोंडलं जातं. पिल्लू घाबरलं की पळत नाही, खाली बसतं, मान जमिनीला लावून. चालकाला वरून ते दिसणारच नाही. पिकलेल्या धानाचा आणि त्याच्या डोक्याचा रंग जवळपास एक.

चालक पंजाबचा. त्याला आमची मराठी कळेना आणि आमची हिंदी त्याला पटेना. मग काकांनी फोनवर पिल्लाचा व्हिडिओ दाखवला. त्याने पाहिला, इंजिन बंद केलं आणि विचारलं, किधर है. ठरलं असं: तलावाच्या उलट्या बाजूने कापायला घ्यायचं, गोल न फिरता सरळ पट्टे, म्हणजे पिल्लाला तलावाकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी राहील. आमचे सहा जण यंत्रापुढे चालत, हातात काठ्या, धान हळूच बाजूला करत. तिसऱ्या पट्ट्यात मादी एकदम ओरडत समोर आली, पंख पसरून, यंत्राच्या अंगावर. चालकाने ब्रेक दाबला. पिल्लू तिच्या मागे चुडांत बसलेलं, यंत्रापासून दहा पावलांवर.

कुणी हात लावला नाही. यंत्र बंद ठेवून सगळे मागे सरलो. पंधरा-वीस मिनिटांनी ते उठलं आणि आईमागून धुरा ओलांडून तलावाच्या गवतात गेलं. मे महिन्यात मोकळा केलेला तोच काठ. बेशरम असती तर शिरायला जागा नव्हती.

हार्वेस्टरचे तासाने पैसे. थांबलेल्या वेळेचे चालकाने घेतले नाहीत, पण डिझेल मंडळाने भरलं.

१४ डिसेंबर, रविवार

उडालं. तलावाच्या उथळ भागातून काकांच्या कापलेल्या बांधीपर्यंत, आई-बापाच्या मधे, धडपडत. लाइनच्या अलीकडेच उतरलं.

२२ डिसेंबर

लाइनवाले आले. जुलैपासूनच्या अर्जांची थप्पी त्यांच्याच हातात होती. झुकलेली तार ओढून ताणली, त्या गाळ्यात (दोन खांबांमधल्या भागात) तीन ठिकाणी चमकते फिरते फलक लावले. पुढचे दोन गाळे राहिले, साहित्य संपलं म्हणे. तलाव आणि बांध्यांमधला रोजचा रस्ता नेमका त्याच दोन गाळ्यांतून आहे, हे नकाशावर दाखवून सांगितलं. लाइनमन भला माणूस, त्याने आपल्या वहीत लिहून घेतलं. काकांनी त्याला चहा पाजला.

११ जानेवारी २०२६, रविवार

आशियाई पाणपक्षी गणना. १९८७ पासून चालू असलेलं हे काम आम्हाला आवडतं, कारण त्यात नुसतं मोजायचं असतं. बदकं गेल्या वेळेपेक्षा कमी वाटली, पण धुकं होतं, म्हणून निष्कर्ष नाही. सारस तीन. तिसऱ्याचं डोकं तांबूस.

पुढची कामं. उरलेल्या दोन गाळ्यांसाठी तिसरा अर्ज, या वेळी ग्रामसभेच्या ठरावासह. उन्हाळी धानाची रोवणी सुरू होतेय, त्या पाण्यावर जोडी कुठे चरते ते आठवड्यातून एकदा पाहणे. देवधान कितपत जगलं ते फेब्रुवारीत मोजणे. हातमोजे फाटलेत, नवे आणायचे. मावश्यांच्या मापाचे, मागच्या वेळी सगळे पुरुषांच्या मापाचे आले होते. फवारणीच्या वेळी राहून गेलेल्या त्या तिसऱ्या शेतकऱ्यांनी परवा स्वतः सांगितलं की यंदा जोडी त्यांच्या बोडीकडे (लहान तळ्याकडे) जास्त असते. जूनआधी त्यांच्या धुऱ्यावरची तार पाहून यायची आहे.